दादाने केले तर विज्ञान?

गेले दोन महिने इथे काही लिहिले नाही. दोघा-तिघांनी काळजीने फोन केले. तब्येत उत्तम आहे. घरात भांडण चालू होते, आणि भांडण चालू असताना मला दुसरे काही सुचत नाही. फोनवर आणि ग्रुपवर तुकड्यातुकड्यांनी जे बोलून झाले ते आज सलग लिहून टाकते. आमच्या घरातले बरेच जण हे पान वाचतात. समोर असले की मला वाक्य पुरे करू देत नाहीत, इथे नाइलाज आहे त्यांचा.

भांडणाचे मूळ असे. गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या मित्रांबरोबर ताम्हिणी घाटात गेला. नवी गाडी, तरुण वय, रविवार. त्याच्या फोनमध्ये एक ॲप आहे. वळणावर गाडी किती जोराने आडवी खेचली जाते ते म्हणे त्यात आकड्यात दिसते. आकडा आला ०.८१. स्वारीने त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली, कोणी 'शूमाकर' म्हणाले, कोणी आगीचे चित्र टाकले. मी लिहिले, "हा आकडा नाही, हा मूर्खपणा आहे. पुन्हा करणार असशील तर माझ्याकडे येऊ नकोस."

शब्द कडक होते. मान्य. पण त्यावर त्याने जे उत्तर दिले त्याने मला दोन महिने झोपू दिले नाही. तो म्हणाला, "काकू, दादाने अमेरिकेत केले तर विज्ञान आणि मी इथे केले तर मूर्खपणा?"

ग्रुपवर एकदम सामसूम. सगळे मनात म्हणाले असणार, बरी जिरवली काकूची. प्रश्न चांगलाच आहे. पस्तीस वर्षे शाळेत काढली, चांगल्या प्रश्नाला 'खाली बस' म्हणणारी बाई मी कधी नव्हते. तेव्हा उत्तर देते. उत्तर आहे, होय. दादाने केले ते विज्ञान (अर्धेमुर्धेच, तेही सांगते), आणि तू केलेस तो मूर्खपणा. आणि मी हे आई म्हणून म्हणत नाही हे दाखवायला मला जरा लांबून यावे लागेल.

२०२३ च्या मेपासून ऑक्टोबरपर्यंत मी धाकट्याकडे मिशिगनला होते. त्याच्याकडे शेव्हर्ले कॉर्व्हेट आहे, जुनी घेतलेली. दोनच माणसे बसतात, आणि मला तिच्यातून उतरायला सुनेचा हात लागतो. या गाडीत कंपनीनेच एक नोंद ठेवणारे यंत्र बसवलेले आहे. २०१४ च्या जानेवारीत कंपनीने ते लास व्हेगासच्या प्रदर्शनात दाखवले आणि २०१५ च्या मॉडेलपासून गाडीत घालून दिले. शर्यतीची इंजिने करणाऱ्या कॉसवर्थ या इंग्लंडच्या कंपनीची त्यात मदत होती. समोरच्या काचेपाशी कॅमेरा, आणि खणात एक छोटेसे कार्ड. (हेच यंत्र गाडी हॉटेलच्या माणसाच्या हाती दिल्यावर आतले बोलणेही टिपायचे, आणि काही राज्यांत परवानगीवाचून बोलणे टिपणे गुन्हा असल्याने २०१४ मध्येच कंपनीला आपल्या विक्रेत्यांना सावध करावे लागले होते. शहाण्यांच्या हातूनही असे होते.)

कार्डावर काय लिहिले जाते? वेग, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटर किती दाबला, ब्रेक किती दाबला, स्टिअरिंग किती अंश फिरवले, गाडी पुढेमागे आणि आडवी किती जोराने ढकलली गेली, आणि ती स्वतःभोवती सेकंदाला किती अंश वळत होती. शिवाय उपग्रहाकडून जागा, सेकंदाला पाच वेळा. पाच वेळा म्हणजे पुष्कळ वाटते ना? ताशी ११० किलोमीटरला दोन नोंदींच्या मध्ये गाडी सहा मीटर पुढे गेलेली असते. म्हणून जागा उपग्रहाकडून घ्यायची आणि बाकीचे गाडीच्या पोटातल्या यंत्रांकडून.

माझे शिक्षण बी.ए., विषय भूगोल, तेही मराठी माध्यमातून. मोटारीचे मला काही कळत नव्हते. पण धाकट्याने लॅपटॉपवर ते आलेख उघडले आणि मी म्हटले, अरे, हे तर आमचेच! समोच्चरेषांचा नकाशा वाचताना रेषा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की मैदान. इथेही तसेच. रेघ कुठे चढते यापेक्षा कुठे चढायला हवी होती आणि चढली नाही, ते बघायचे. जेवणाच्या टेबलावर रोज रात्री आमची शिकवणी. या वेळी शिकवणारा तो आणि वहीत लिहून घेणारी मी.

पहिला धडा टायरचा. गाडी काहीही करो, जोर मारायचा तो शेवटी चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार जागांवरच. त्यांना ठरलेला पगार मिळतो. तो ब्रेक लावण्यात घालवा नाहीतर वळण्यात घालवा, जास्तीचा एक पैसा नाही. पण हिशेब साध्या बेरजेचा नाही, पायथागोरसचा आहे. एकूण पगार १ धरला आणि ०.६ ब्रेकमध्ये खर्च झाला, तर वळायला ०.४ नव्हे, ०.८ उरतात. ३-४-५ चा त्रिकोण, आठवीत सगळ्यांनी केलेला. कागदावर काढले तर हे एक वर्तुळ होते. गाडी त्या वर्तुळाच्या आत राहते. काठ ही तिची मर्यादा.

दुसरा धडा वेगाचा, आणि हा प्रत्येक गाडी चालवणाऱ्याने पाठ करावा. वळणावरचा आडवा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० मीटर त्रिज्येचे वळण घ्या, घाटात असतात तसे. ताशी ५० ला गुरुत्वाच्या ०.६६ पट जोर लागतो. ६० ला ०.९४. काट्यावर दहाच वाढले, टायरवर मात्र ४४ टक्के. 'थोडीच जास्त होती हो स्पीड' म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावे. मी बी.ए. असून केले.

आता धाकट्याची लबाडी. जूनमध्ये तो ट्रॅकवर जाऊन आला. मिशिगन सरोवराजवळ साउथ हेवन नावाचे गाव आहे, तिथे जिंजरमन नावाचा ट्रॅक आहे. पैसे भरून कोणीही आपली गाडी तिथे चालवायला नेऊ शकतो. आला तो उड्या मारतच आला. "आई, १.२४!" आडवा जोर १.२४, म्हणजे गुरुत्वापेक्षा सव्वापट. स्क्रीनवरच्या त्या आकड्याचा त्याने फोटो काढला.

दोन महिन्यांनी, थोडे वाचता यायला लागल्यावर, मी त्याला तोच दिवस पुन्हा उघडायला लावला. आलेखावर १.२४ एका सुईच्या टोकासारखे उभे होते. अलीकडे १, पलीकडे १, मध्ये एकच ठिपका. त्या क्षणी गाडीचे चाक कडेच्या लाल-पांढऱ्या दगडावर चढले होते आणि आतल्या यंत्राला धक्का बसला होता. तो गाडीचा पराक्रम नव्हता, दगडाचा होता. एक पूर्ण सेकंदभर टिकलेला जोर बघितला तर १.०२. आणि ही गाडी रस्त्याच्या टायरांवर त्याच्याच आसपास असते.

त्याहून मजा पुढे. एका फेरीतले सगळे ठिपके एका कागदावर मांडता येतात, आडवा जोर आडव्या अक्षावर, ब्रेक आणि वेग उभ्या अक्षावर. चांगला चालवणारा असेल तर ठिपक्यांनी ते वर्तुळ भरत येते, कारण तो ब्रेक हळूहळू सोडत असतानाच वळायला लागतो, टायरचा पगार वाया जाऊ देत नाही. आमच्या चिरंजीवांचे ठिपके कसे? अधिकचे चिन्ह! सरळ ब्रेक, मग थांबा, मग वळण. चारी कोपरे रिकामे. म्हणजे १.२४ चा हा वीर फेरीतला बहुतेक वेळ मर्यादेच्या जवळपासही नव्हता. सर्वांत मोठा आकडा दाखवणारा माणूस मर्यादा ओळखतो हे त्या दिवशी माझ्या डोक्यातून गेले. परीक्षेत एका प्रश्नाला पैकीच्या पैकी आणि पेपर नापास, असे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

ऑगस्टमध्ये मीही ट्रॅकवर गेले. घरून तीन तास. झाडाखाली खुर्ची, थर्मासमध्ये चहा. सकाळी प्रत्येक गाडी तपासली, हेल्मेट बघितली, सगळ्यांना उभे करून नियम सांगितले. पुढच्याने हात दाखवल्याशिवाय ओलांडायचे नाही, तेही ठरलेल्या जागीच. वळणावळणावर झेंडे घेऊन माणसे. रुग्णवाहिका उभी. सगळ्या गाड्या एकाच दिशेने. मला शाळेच्या क्रीडा महोत्सवाची आठवण झाली, फक्त धूळ कमी.

दुपारी धूळही दिसली. धाकट्याची गाडी एका लांब वळणावर गर्रकन फिरली, उलट तोंडाने गवतात गेली आणि थांबली. झेंडा हलला, मागच्या गाड्या सावकाश झाल्या. कशाला धडकली नाही. धडकण्यासारखे तिथे काही ठेवलेलेच नव्हते. माझ्या हातातला चहा मात्र सगळा साडीवर.

परत आल्यावर तो म्हणाला, "मागची बाजू अचानक गेली. टायर गार असणार."

रात्री मी म्हटले, उत्तरपत्रिका दाखव. टाळाटाळ केली. 'दमलोय', 'उद्या बघू'. उद्या नाही, परवा नाही. पंधरा दिवस त्याने ते कार्ड उघडले नाही. १.२४ दाखवायला पंधरा मिनिटे लागली नव्हती! शेवटी सूनबाईने कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले.

सहावी फेरी. म्हणजे टायर गार नव्हते, तापलेले होते. वेग ११०. आडवा जोर १.०२, गाडी सेकंदाला १९ अंश वळते आहे. इथपर्यंत सगळे छान. मग स्टिअरिंगची रेघ वर जायला लागते. ५५ अंश, ६०, ६८, ७५. आणि आडव्या जोराची रेघ? जिथल्या तिथे. १.०२ च्या १.०२. चालवणारा मागतो आहे, पुढचे टायर म्हणताहेत नाही, संपला पगार. हे दीड सेकंद चालले. दीड सेकंदात गाडी ४५ मीटर गेली. एवढा वेळ गाडी त्याला सांगत होती आणि तो आणखी आणखी फिरवत होता. (याला अंडरस्टिअर म्हणतात. गाडी नाकाने बाहेर जाते.) मग तो घाबरला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला. ती रेघ कड्यावरून पडावी तशी पडली. गाडीचे वजन पुढे आले, पुढच्या टायरांना एकदम जोर मिळाला, चाके तर ७५ अंशांच्या हिशेबाने आधीच वळवून ठेवलेली! मागचे टायर हलके झाले. १९ अंशांचे ५० झाले आणि पुढचे सगळे धुळीत.

मी त्याला विचारले, यात 'अचानक' कुठे आहे ते बोट ठेवून दाखव.

त्याने बराच वेळ स्क्रीनकडे बघितले. मग म्हणाला, "पण मला तेव्हा खरंच तसं वाटलं गं." यावर माझा विश्वास आहे. तो खोटे बोलत नव्हता. आणि म्हणूनच हे नोंदींचे काम मला मोलाचे वाटते. माणूस खोटे बोलत नसतानाही त्याची आठवण त्याच्या बाजूने साक्ष देते. पेपरात रोज वाचतो ना आपण, 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने'. सुटले म्हणे! जसे काही ते हातातल्या दोरीसारखे एका क्षणात सुटते. ते आधीच गेलेले असते, कळते उशिरा.

आता भाऊजी. पुतण्याचे वडील, माझे दीर. ते त्याच्या बाजूने भांडणात उतरले, आणि त्यांचे म्हणणे निराळेच. "वहिनी, हे आलेखबिलेख लहान पोरांचे खेळ. गाडी बुडाला कळते. मी चाळीस वर्षे टेम्पो चालवला, एक ओरखडा नाही. मला कोणत्या कार्डाने शिकवले?"

भाऊजींच्या हाताबद्दल मला आदर आहे. त्यांच्या टेम्पोत बसून मी अर्धा कोकण पाहिला आहे. आणि गाडी बुडाला कळते हेही खरे. वळणावर असताना आलेख बघायला कोणाला सवड असते? सीटच्या हेलकाव्यावरून आणि स्टिअरिंगच्या हलकेपणावरूनच कळते. पण भाऊजी, तुमचे बूड चाळीस वर्षे मर्यादेच्या खूप अलीकडे बसले होते, म्हणून ओरखडा नाही. काठ कसा लागतो हे त्याला कळायचा प्रसंगच आला नाही, आणि तेच उत्तम झाले, मागे कांद्याची पोती होती. ज्याला काठापर्यंत जायचे आहे त्याच्या बुडाला शिकवणी हवी. ते दीड सेकंद आलेखावर बघितल्यावर धाकट्याने पुढच्या वेळी त्याच वळणावर स्टिअरिंग हलके होताना ओळखले. आधीही ते हलके होतच होते. त्याला नाव ठाऊक नव्हते.

मी त्यांना मार्क डोनाहूची गोष्ट सांगितली. अमेरिकेचा शर्यतपटू, ब्राउन विद्यापीठाचा इंजिनिअर. १९७२ ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्याने जिंकली. गाडी गोल रिंगणात फिरवून, मोजून, एक बदल करून पुन्हा मोजायची ही त्याची पद्धत. यात कॉम्प्युटर लागत नाही. ३० मीटर त्रिज्येचे रिंगण आखा, घड्याळ लावा. ११.३ सेकंदांत फेरी झाली तर जोर ०.९४. फेरी आणखी कमी वेळात होईना, की तुमची मर्यादा तुम्हाला कळली. खडू आणि घड्याळ.

भाऊजी लगेच, "मग त्याचे पुढे काय झाले?" मी खरे सांगितले. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात सरावात टायर निकामी होऊन गाडी बाहेर गेली आणि दोन दिवसांनी तो वारला. "झाले तर मग!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काय झाले, भाऊजी? मोजणारा माणूसही मरतो, म्हणून न मोजणारा शहाणा? जे मोजले त्याचीच नोंद राहते. टायरच्या पोटात काय चालले आहे ते स्टिअरिंगच्या रेघेला कळत नाही. नोंद म्हणजे कवचकुंडले असे मी कधीच म्हटले नाही. म्हणूनच ज्यांना मर्यादा शोधायची आहे ते गवत रिकामे ठेवतात, झेंडेवाले उभे करतात. मोजमापावर फार विश्वास असलेल्यांनीच रुग्णवाहिका आधी बोलावलेली असते, हे तुमच्या ध्यानात कसे येत नाही?

आता पुतण्या, तू. तुझा प्रश्न विसरले नाही.

तुला वाटते मी जागेवरून बोलते, अमेरिका चांगली आणि ताम्हिणी वाईट. तिथे गवत आणि इथे दरी, हा फरक आहेच. समोरून एस.टी. येते, दूधवाला येतो, धबधब्यापाशी लोक पोरेबाळे घेऊन रस्त्यात उभे असतात, त्यांनी तुझ्या प्रयोगात नाव नोंदवलेले नाही. एवढ्यावरच माझे उत्तर पुरे होते. पण तू 'विज्ञान' हा शब्द वापरलास, म्हणून तो तुझ्याकडून काढून घेतल्याशिवाय मी सोडणार नाही.

पहिले, तुझे ०.८१ काय होते? फोन गाडीला घट्ट बांधलेला होता का? तू म्हणालास, कप ठेवायच्या खोबणीत होता. मग त्याने फोनचे हेलकावे मोजले. आणि नुसता १० अंश कललेला फोन उभ्या गाडीतही ०.१७ दाखवू शकतो, कारण पृथ्वीचे ओढणे त्याला आडवे वाटते. वळणावर गाडी कलते, घाटातला रस्ता कललेला असतो, फोन खोबणीत कलंडतो. यातले तुझे किती, रस्त्याचे किती आणि खोबणीचे किती?

दुसरे, आणि माझ्या मते हेच खरे. मर्यादा एकदा जाऊन कळत नाही. धाकटा त्या वळणावर दिवसात वीस वेळा जातो. तेच वळण, तोच डांबर, तीच हवा. मग दोन फेऱ्यांचे आलेख एकमेकांवर ठेवायचे, आम्ही ट्रेसिंग पेपरवर नकाशे ठेवायचो तसे. आडव्या अक्षावर वेळ नव्हे, अंतर घ्यायचे, म्हणजे तीच जागा त्याच जागेवर बसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ब्रेक पाच मीटर आधी सोडला, काय झाले? टायरची हवा थोडी कमी केली, काय झाले? काठाला जरासे शिवायचे, मागे यायचे, पुन्हा शिवायचे. चुकले तर धूळ आणि आईच्या साडीवर चहा.

तू ताम्हिणीत एका वळणावर किती वेळा गेलास? एकदा. पुढचे वळण निराळे, त्यावर शेवाळ. त्याच्या पुढच्यावर डोंगरातून माती वाहून आलेली. प्रत्येक ठिकाणी टायरचा पगार वेगळा, आणि तो किती हे तुला आत शिरल्यावर कळणार. ०.८१ एका वळणावर निभावले याचा अर्थ पुढच्यावर ०.५ निभावेल असाही नाही. घाटात मर्यादा कळायची एकच रीत आहे, ती ओलांडणे, आणि ओलांडल्यावर तो आकडा बघायला तू नसशील. ज्या मोजणीतून पुढच्या वळणाबद्दल काहीच कळत नाही तिला विज्ञान कसे म्हणायचे, बाळा? तो नुसता मटक्याचा आकडा आहे.

"पण काही झाले का?" असे तू शेवटी विचारलेस. नाही झाले. वर्गात न वाचता पास होणारेही असतात, आणि त्यांना समजावणे सर्वांत अवघड जाते.

हौस असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. लांब आहेत, पैसे पडतात. फोन फुकट आहे, म्हणून फोन. कळते मला. पण ज्या गाडीला एवढे लाख घातले तिची परीक्षा फुकटात कशी होईल?

आता जे लिहायला मी दोन महिने लावले ते.

जूनमधला तो १.२४ चा फोटो ग्रुपवर धाकट्याने टाकला नव्हता. मी टाकला होता. खाली लिहिले होते, 'आमच्या चिरंजीवांचा पराक्रम!' आणि अंगठे मोजत बसले होते. सर्वांत आधी अंगठा दिला तो या पुतण्याने. 'दादा भारी!' म्हणाला. दोन महिन्यांनी तो आकडा दगडाचा निघाला, तेव्हा मी ग्रुपवर काही लिहिले नाही. ऑगस्टमध्ये गाडी गवतात गेली, तेही लिहिले नाही. घरी परत आले, सगळ्यांना चॉकलेटे वाटली, ट्रॅकचे कौतुक केले, धुळीबद्दल एक अक्षर नाही. भाऊजींना तर मी तिथल्या झेंड्यांचे रंग सांगितले, पण झेंडा कोणासाठी हलला ते नाही सांगितले. धाकट्याने पंधरा दिवस कार्ड लपवले म्हणून मी त्याला बोलले, आणि मी स्वतः दोन वर्षे लपवले.

म्हणजे पुतण्याच्या डोळ्यांपुढे दादाचा एकच आलेख होता, सुईच्या टोकाचा, आणि तो मी दिलेला. त्याने दादाचे बघून केले म्हणतो ते खरे आहे. आणि मी त्याला 'माझ्याकडे येऊ नकोस' लिहिले. ते वाक्य मागे घेते. मूर्खपणा हा शब्द मात्र तसाच ठेवते.

सहाव्या फेरीचा आलेख मी धाकट्याकडून मागवून घेतला आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन रुपये पानाने छापूनही आणला. स्टिअरिंगची रेघ लाल पेन्सिलीने आणि आडव्या जोराची निळ्या पेन्सिलीने मी गिरवली आहे, दीड सेकंदाला कंस केला आहे. आज संध्याकाळी त्याचा फोटो ग्रुपवर टाकते आहे, खाली धाकट्याचे नाव घालून. त्याने 'टाक' म्हटले आहे, जरा घुटमळून. पुतण्या, रविवारी ये. भाऊजींनाही आण. येताना फोनमधल्या त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी आण, ०.८१ ची तेवढीच नको, आणि पुसल्या असशील तर तसे सांग.